काळ्या पट्ट्याखेरीज बाकी सर्व

कै. सौ. पुष्पलता मनोहर वैरागडे,

मृत्युपत्र मृत व्यक्तीस उद्देशून लिहीत नाहीत, हे मला ठाऊक आहे. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल विभागात हयात काढून मी इतरांची पुष्कळ मृत्युपत्रे नकलली; त्यांतील एकाचीही सुरुवात अशी नव्हती. परंतु हा कागद लिहिण्याची वेळ माझ्यावर तुझ्यामुळे आली आहे. तू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. रीतीने पाहता मी आधी जायचे आणि मागचा घोळ तू निस्तरायचा, अशी आपली व्यवस्था होती. ती तू मोडलीस. छपराची कवेलू हाताच्या एका फटक्यात फोडणारी बाई मार्च महिन्यातल्या एका सकाळी शेगडीपाशी खाली बसते आणि उठत नाही, याबद्दल दाद कोठे मागावी हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही. तेव्हा निदान हे वाचून घे.

मी, मनोहर देवराव वैरागडे, वय वर्षे बासष्ट, नागपूर विद्यापीठाचा बी. ए., निवृत्त अधीक्षक, राहणार गांधीबागेमागे, नागपूर, असे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे व मी हे कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणण्याचे प्रयत्न झाले. ते कोणी केले हे योग्य त्या कलमात येईल. मला रक्तदाब आहे. तो या कुटुंबात राहून कोणालाही झाला असता. मला मूलबाळ नाही. माझ्या याआधीच्या मृत्युपत्रात एकच वाक्य होते व त्यात सर्व काही तुझे होते. ते मी रद्द करतो.

कलम १. हुडकेश्वर येथील माझा भूखंड व डाकघरातील बचत प्रमाणपत्रे मी माझी धाकटी बहीण श्रीमती शोभा साठवणे हिला देतो. सर्व गल्ली तिला शोभाताई म्हणते व घाबरते. भूखंडावर सध्या बाभळी व एक बुजलेली विहीर आहे. शोभाने आताच सांगून ठेवले आहे की, "दादा, तिथं दिवसाढवळ्या कोल्हे फिरून राहिले. मले काय कोल्ह्यांची शाळा काढाची हाय?" तरीही तिने तो घाईने विकू नये, अशी माझी विनंती आहे. तिने माझी एकही विनंती आजवर मान्य केलेली नाही, हे जाणून मी ती करीत आहे. प्रमाणपत्रांच्या रकमेतून तिने डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे पुढील कलमे तिला स्वतः वाचता येतील व इतरांकडून वाचून घेऊन अर्धीच ऐकण्याची तिची सवय सुटेल.

कलम २. राहत्या घराच्या मागील दोन खोल्या, स्वयंपाकघर व माडी मी शोभाचा मुलगा, माझा भाचा रुपराव साठवणे यास देतो. रुपरावचे गांधीबागेत ठोक कापडाचे दुकान आहे. त्याला हवी होती ती पुढची खोली, कारण तीच रस्त्याला लागून आहे आणि कापडाचे तागे तेथे उतरवता येतात. ती त्याला मिळणार नाही. कारण कलम ५ मध्ये आहे. स्वयंपाकघराचे छप्पर गळते, कारण दुरुस्तीसाठी आणलेली कवेलू तू आणि तुझ्या कराटेच्या वर्गातल्या मुलींनी सरावासाठी फोडून टाकली. मी प्रत्येक उन्हाळ्यात नवी आणली व प्रत्येक पावसाळ्यात भाताच्या पातेल्याशेजारी बादली ठेवली. रुपरावने पत्रे टाकावेत. पत्र्यावर कोणी सराव करणार नाही, अशी मला आशा आहे, खात्री नाही.

कलम ३. किरकोळ वस्तू व किरकोळ राग. माझी पुस्तके सार्वजनिक वाचनालयास द्यावीत. वर्तमानपत्रात आलेले तुझे छायाचित्र मात्र कोणासही देऊ नये, ते जाळावे. तो छायाचित्रकार आला तेव्हा तू पांढऱ्या पोशाखात, कमरेला काळा पट्टा बांधून उभी होतीस, आणि त्याने आपल्याच स्वयंपाकघरातून लाटणे आणून तुझ्या हातात दिले. तू म्हणालीस, "भाऊ, याचं काय करू?" तो म्हणाला, "बाई, लोकांना पटकन कळतं." लोकांना काय कळले ते मला त्यानंतर महिनाभर भाजीबाजारात ऐकावे लागले. "वैरागडे साहेब, आज जेवाले मिळालं का मार?" हा प्रश्न विचारणाऱ्या सर्वांस मी माझ्या मालमत्तेतून काहीही देत नाही.

कलम ४. काळा पट्टा.

हे कलम लिहिताना मी कागद वारंवार फाडला आहे. कायदा असे धरून चालतो की माणसाजवळ जे जे आहे ते ते दुसऱ्याच्या नावे करता येते. म्हातारीची नथ, पाण्याच्या पाळीचा हक्क, गहाण ठेवलेला बैल, सर्व काही मी दुसऱ्यांच्या नावे होताना पाहिले आहे. कोणाच्याच नावे करता येत नाही अशी वस्तू माझ्या हाताखालून प्रथमच जात आहे, आणि ती माझ्याच घरात खिळ्याला टांगलेली आहे.

शाळेत मुलींना कवायत शिकवणारी तू बेचाळिसाव्या वर्षी कराटे शिकायला निघालीस, तेव्हा मी तुला वेडी म्हटले. १९८२ साली मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी तुला काळा पट्टा दिला. बरगडीला मुका मार घेऊन तू रिक्षातून उतरलीस आणि फाटकाशीच म्हणालीस, "अहो, पंचाईत झाली. आता कोणाला साधी चापट मारायची सोय राहिली नाही." मला वाटले, तुला ताप चढला आहे.

पुढे मला त्याचा अर्थ कळत गेला, व प्रत्येक वेळी त्याचा त्रास मला झाला. शहर बसमध्ये एका इसमाने तुला मुद्दाम धक्का दिला. पट्ट्याच्या आधीची तू असतीस तर चप्पल निघाली असती व विषय तेथेच संपला असता. तू त्याचे मनगट धरून त्याला स्वतःच्या जागेवर बसवलेस. "बसा भाऊ. माझा स्टॉप येईपर्यंत दोन्ही हात मांडीवर." कंडक्टरने विचारले, "काय झालं बाई?" तू म्हणालीस, "काही नाही, यांना चक्कर येऊन राहिली." आणि स्वतः महालच्या थांब्यापर्यंत उभी राहिलीस. तुझ्याशेजारी भाजीच्या दोन पिशव्या घेऊन मीही उभा होतो, कारण बायको उभी असताना बसणे बरे दिसत नाही.

आपल्या गल्लीतला कवडू दारू पिऊन बायकोला मारत होता, तेव्हा तू त्याला अंगणात आडवा केलास व त्याचा खांदा निखळला. इथवर मी समजू शकलो. दुसऱ्या दिवशी तू शिऱ्याचा डबा घेऊन त्याचीच विचारपूस करायला गेलीस. कवडू म्हणाला, "बाई, मारता बी तुम्हीच अन् शिरा बी तुम्हीच आणता. माणसानं करावं तरी काय?" तू म्हणालीस, "माणसानं बायकोवर हात टाकू नये, आणि शिरा गरम आहे तोवर खाऊन घ्यावा." तो बरा होईपर्यंत तू जात राहिलीस. साजूक तूप आपल्या घरचे होते.

तुझ्या वर्गाचा पहिला नियम मग हाच झाला. ज्याच्यावर हात उचलला त्याच्या दारी दुसऱ्या दिवशी जायचे, कसे आहे विचारायचे, आणि तो बरा होईपर्यंत जात राहायचे. मी म्हटले, हा शुद्ध मूर्खपणा आहे. मार खाणाऱ्याने फिर्याद द्यावी, मारणाऱ्याने कशाला जायचे? तेव्हा तू मला माझ्याच कचेरीच्या भाषेत ऐकवलेस: "पट्टा म्हणजे बक्षीस नाही हो. जामीनकी आहे. माझ्या हातांना मीच जामीन राहिले. त्यांनी काही केलं तर हजर मलाच व्हावं लागेल ना?" न्यायालयात असताना माझ्यासमोर अनेक जामीनदार आले. बहुतेकांचे पत्ते खोटे निघत.

आता या पट्ट्यावरील दावे. तू गेलीस त्या दिवशी बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. तुझ्या मुली पट्टा घेऊन पुढे आल्या. शोभा आडवी आली: "सवाष्ण गेली माही वहिनी. हिरवं नेसवलं, कुंकू लावलं, अन् तुम्ही तिले काळं बांधता? काहून वं पोरींनो?" त्यांतली सर्वांत जुनी, जयवंता, म्हणाली, "काळं नाही आत्याबाई. बाईंची कमाई आहे ती." दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. पट्टा खिळ्यावरच राहील, असा मी निकाल दिला. दोन्ही पक्ष नाराज झाले. त्यानंतर शोभाचे म्हणणे पडले की तो कन्हान नदीत सोडावा. तुला शिकवणारे भैयाजी हेडाऊ यांनी तो आपल्या संस्थेत काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी मागितला, "साहेब, पोरींले प्रेरणा मिळन." मुलींना प्रेरणा भरपूर आहे, जागा नाही, हे मी त्यांना सांगितले. मी स्वतः होऊन तो जयवंतास देऊ केला. ती दोन पावले मागे सरली. "नको काका. बाईंचा पट्टा मी बांधला तर ती खोटी सही होईल."

सबब या पट्ट्याबाबत मी कोणतीही व्यवस्था करू शकत नाही. तो माझा नाही, म्हणून मी तो देऊ शकत नाही. तू तो कोणाला दिलेला नाहीस. आणि घेण्यास लायक असलेली एकच मुलगी तो घेत नाही. तो जेथे आहे तेथे राहावा. कोणीही तो धुऊ नये, बांधू नये, विसर्जित करू नये. त्यावरील धूळ सध्या मी झटकतो.

कलम ५. पुढच्या खोलीत घडलेला प्रकार.

जयवंता धोंडबा मेश्राम ही तुझी सर्वांत जुनी विद्यार्थिनी, तपकिरी, म्हणजे काळ्याच्या आधीच्या, पट्ट्याची. तू गेल्यावर याच खोलीतला लहान मुलींचा वर्ग तीच घेत होती. मे महिन्यात मी पेन्शनच्या कामासाठी बाहेर असताना रुपराव सुताराला घेऊन पुढची खोली मापायला आला. मला विचारले नव्हते. या प्रकाराबाबत रुपराव व जयवंता यांचे जबाब मी वेगवेगळे घेतले. ते तपशिलासह जुळले, ही गोष्ट आपल्या कुटुंबात प्रथमच घडली.

मापाला अडचण नको म्हणून रुपरावने काथ्याच्या चटया गुंडाळल्या, बांधायला दोरी शोधली, आणि खिळ्यावरचा पट्टा काढून चटईला बांधला. जयवंता म्हणाली, "रुपरावदादा, तो सोडा. त्यानं काही बांधत नाहीत."

"कापडाचा धंदा हाय माहा," रुपराव म्हणाला. "सुती पट्टी हाय ते, रंग बी कच्चा. उद्या ताग्यातून नवी फाडून देतो तुले."

"नवी नको. तोच द्या."

तेव्हा रुपरावने पट्टा सोडवून स्वतःच्या मनगटाला गुंडाळला आणि सुतारासमोर हसून म्हणाला, "घे मंग. मामीनं शिकवलं ना तुले? काढून दाखव."

तिने काढून दाखवला. मनगटाचे हाड मोडले.

संध्याकाळपर्यंत शोभा माझ्या दारात होती. "माह्या लेकाचा उजवा हात, दादा! कापड मोजाचा हात! त्या पोरीले घरात पाय ठेवू देशीन तर मी तुह्या घराची पायरी चढणार नाही." चौकशी पूर्ण होईपर्यंत मी वर्ग बंद केला व जयवंताकडून किल्ल्या मागितल्या. तिने त्या टेबलावर ठेवल्या. एका शब्दानेही स्वतःची बाजू मांडली नाही. तिने मांडली असती तर मला फार बरे पडले असते, कारण बाजू तिचीच होती, असे त्या दिवशी माझे मत होते.

दुसऱ्या दिवशी ती रुपरावच्या घरी गेली. नियम. शोभाने दार लावून घेतले, तर ती ओट्यावर बसली. रोज येऊ लागली. शोभा माझ्याकडे येऊन कडाडली (पायरी चढणार नाही म्हणाली होती, त्याचे काय झाले ते मी विचारले नाही): "मोडला तो मोडला, वरून रोज पाहाले येते, नीट मोडला का नाही! येणारे-जाणारे इचारते, शोभाताई, सून पाहिली काय? काय सांगू मी? सून नाही, पोराचा हात मोडणारी हाय म्हणून?" मी जयवंतास बोलावून समजावले की तिचे जाणे तेथे टोमणा समजला जात आहे, आता पुरे करावे. ती म्हणाली, "काका, नियमात 'त्यांना आवडेल तर' असं नाही."

पावसाळा लागला तसे शोभाने तिला आत घेतले. "ओटा भिजून राहिला होता म्हणून." नंतर चहा दिला. "दूध फाटाले आलं होतं म्हणून." त्या घरी दूध महिनाभर रोज फाटायला येत होते.

याच सुमारास मुंबईचे परीक्षक येणार होते. काळ्या पट्ट्यासाठी भैयाजींनी जयवंताचे नाव पाठवले होते. तिने ते परत घेतले. भैयाजी घाम पुसत माझ्याकडे आले. "साहेब, समजवा तिले. नाव मागं घेतलं की वर्ष गेलं. अन् इकडे पट्टा नाही म्हणून लोक वर्ग पुन्हा सुरू होऊ देणार नाही. हाड जुळलं ना त्याचं? मंग?"

मी तिला विचारले. या मुलीचे वडील गिरणीत काम करतात. पट्टा मिळाला असता तर शाळेत शिक्षिकेची जागा मिळण्याची शक्यता होती, हे मला ठाऊक होते, तिलाही ठाऊक होते. ती उभीच होती. म्हणाली, "काका, रुपरावदादांनी मला हात लावला नव्हता. मुलींनाही नाही. मी एका कापडासाठी त्यांचं हाड मोडलं. बाईंचं होतं, पण कापडच ना ते? माझा जामीन जप्त झाला. नवा द्यावा लागेल, त्याला वेळ लागतो."

पुष्पलता, मला त्या मुलीचा अतिशय राग आला. तुझा जसा येत असे, तसाच. ज्या गोष्टीबद्दल मी तिला मनातल्या मनात दोषमुक्त करून मोकळा झालो होतो, त्यात तिने स्वतःला दोषी ठरवले, शिक्षाही सांगितली आणि ती भोगायला सुरुवातही केली होती. निकाल देण्याचे काम माझ्याकडे उरलेच नाही.

प्लास्टर निघाल्यावर रुपराव आला. "मामाजी, तिच्या किल्ल्या तिले देऊन टाका जी. वर्ग नाही म्हणून ते पोरगी माह्या घरी येऊन बसते. आता आईचं अन् तिचं जमाले लागलं. दोघी मिळून मले बोलतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "चूक माहीच होती. पण आईले सांगू नका." त्याची विनंती मी तोंडी पाळली आहे. लेखी पाळणे शक्य नाही. कलम १ मधील शस्त्रक्रियेची सूचनाही मी मागे घेत नाही.

कलम ६. सबब घराची पुढची खोली, तिचे रस्त्याकडील दार, चटया, ठोसे मारायची गोणपाटाची गुंडाळी व शिल्लक असतील ती कवेलू यांसह, मी कुमारी जयवंता धोंडबा मेश्राम हिला पूर्ण मालकी हक्काने देतो. तिला काळा पट्टा मिळो अथवा न मिळो. भैयाजींचे म्हणणे की पट्ट्याशिवाय शिकवणे बेकायदा. असा कोणताही कायदा नाही, मी शोधून पाहिला आहे. अट एकच. त्या खोलीत शिकलेल्या मुलीने ज्याच्यावर हात उचलला, त्याच्या दारी तिने दुसऱ्या दिवशी जावे.

शोभाने विचारले आहे, "घराची पुढची खोली, अन् ते कोणाले? धोंडबा मेश्रामच्या पोरीले?" होय. धोंडबाने छप्पन्न साली याच शहरात दीक्षा घेतली व त्यानंतर तो कोणापुढे वाकला नाही. त्याच्या मुलीचे नाव या घराच्या कागदावर आल्याने घराचे मोल कमी होत असेल, तर तेवढे कमी झालेले मला चालेल. तू असतीस तर हेच अधिक कडक शब्दांत सांगितले असतेस, आणि मग शोभाला जेवायला थांबवले असतेस. मी तिला थांबवले. स्वयंपाक तिलाच करावा लागला.

कलम ७. दाराजवळची लाकडी खुर्ची. घरातला एखादा पुरुष समोर बसल्याशिवाय पालक मुलींना पाठवेनात, म्हणून तू मला तीत बसवलेस, आणि मी तुझ्या वर्गाची सर्व वर्षे तीत बसून काढली. वर्तमानपत्र वाचणे अशक्य होते. प्रत्येक मथळ्याला पंचवीस मुली एकदम ओरडत. पालकांचा आग्रह राहिल्यास माझ्यानंतर त्या खुर्चीत रुपरावने बसावे. मत देऊ नये. आग्रह न राहिल्यास खुर्ची मोडीत काढावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉ. सिंधूताई गजभिये यांनी करावी. त्यांनी होकार दिला आहे व माझे वजन कमी करण्यास सांगितले आहे. शोभाला साक्षीदार व्हायचे होते. लाभार्थ्याची साक्ष चालत नाही, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "सख्खा भाऊ माहा, अन् माहीच सही चालत नाही?" ती सध्या मागच्या खोलीत रागावून बसली आहे व तेथून प्रत्येक वाक्य ऐकत आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांसमोर वाचला व त्यांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

(सही) मनोहर देवराव वैरागडे

साक्षीदार:
(सही) डॉ. सिंधूताई गजभिये
(सही) गोपाळराव हटवार, निवृत्त पोस्टमास्तर, शेजारी

स्थळ: नागपूर. दिनांक: ९ नोव्हेंबर १९८६, रविवार.

सह्यांनंतरची नोंद. कलम ६ माझ्या मृत्यूनंतर अंमलात यायचे आहे. मुलींना तोवर थांबवण्याचे कारण मला सापडले नाही. जयवंता मेश्राम हिला बोलावणे पाठवले. ती रुपरावच्या घरून आली. पुढची खोली उघडून, झाडून, चटया पसरून तिने पाहून घेतली. वर्ग उद्या सकाळपासून. सायंकाळी साडेपाच वाजता दार मी लावले, कुलूप ओढून पाहिले व दोन्ही किल्ल्या तिला परत दिल्या. पोच घेतली नाही.